कॅनिंगच्या वाफेवर ‘फुकट वीज’ म्हणे!

रत्नागिरीकडे आंब्याचं कॅनिंग चालवणाऱ्या माझ्या आतेभावाने परवा एक फॉरवर्ड पाठवला. खाली प्रश्न : ‘दादा, कर्ज काढू का?’ फॉरवर्डचं म्हणणं असं : बॉयलर आहेच, टर्बाइन बसवा, वीज फुकट; टर्बाइनमधून निघालेल्या 100 अंशांच्या वाफेत कुठलेही डबे होतात; जळणाला साली-कोयी; साखर कारखान्यांना जमतं, तुम्हाला का नाही?

आधी ते 100 अंश. बाकीच्या मुद्द्यांनी पैसे जातील, याने माणूस जाईल. आंब्याचा रस आंबट, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली, त्याला उकळतं पाणी पुरतं. तेवढं खरं, मान्य. पण हा आतेभाऊ कच्च्या फणसाचेही डबे भरतो, आणि फणस आंबट नसतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असले तर 100 अंशांना तासन्‌तास तग धरतात आणि पुढे हवाबंद डब्यात विष तयार करतात. डबा फुगेल, वास येईल, याचीही खात्री नाही. म्हणून रिटॉर्टला, म्हणजे डबे दाबाखाली वाफवायच्या बंद भांड्याला, साधारण 121 अंश लागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा कमी आम्लाच्या डब्यांसाठी नियमावलीचा अख्खा 113 वा भाग ठेवलाय. किती वेळ, किती तापमान हे जाणकार तज्ज्ञानेच ठरवायचं, असं त्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅपने नव्हे.

गंमत म्हणजे टर्बाइनमधून निघणारी वाफ 100 अंशांपर्यंत उतरवायची गरजच नाही. साखर कारखान्यात टर्बाइननंतरची वाफ दीडेक किलो दाबाची, म्हणजे 127 अंशांच्या आसपास असते.

आता ‘फुकट’. टर्बाइन वाफेतली ऊर्जा काढून घेतं, ती भरून काढायला जळण जास्त लागतं. वीज स्वस्त पडेल, फुकट नाही. शिवाय साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मितीचे (एकाच वाफेतून वीज आणि उष्णता, दोन्ही) बॉयलर 67 ते 110 बार दाबाचे; आपला दहा किलोचा, म्हणजे जेमतेम दहा बारचा. त्यांना उसाच्या वजनाच्या तीसेक टक्के बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळणाला घरचंच मिळतं आणि गाळप चार-पाच महिने चालतं. आपलं कॅनिंग एप्रिल-मेचं, पाऊस आला की संपलं. मग टर्बाइन काय, पुजायचं?

ओल्या साली जाळायचं तर बोलूच नये.

80 टक्के कार्यक्षमतेचा आकडाही फॉरवर्डमध्ये आहे. तो वीज आणि उष्णता मिळून असतो, आणि उष्णता वर्षभर वापरणाऱ्यालाच तो लाभतो. दूध डेअरीवाल्यांनी जरूर हिशोब मांडावा.

भावाला सांगितलंय : आधी कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) बॉयलरच्या टाकीत परत आण, गळके स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) बदल, उघड्या पाइपांना लॅगिंग (उष्णता राखणारं वेष्टण) कर. आणि फणसाच्या रिटॉर्टचा थर्मामीटर तपासून घे, या आठवड्यातच.