'लॅबवाला' यांना उत्तर : पाच मिनिटं, पण कशातली?

लॅबवाला सर, नमस्कार.

नाव तुम्ही एवढंच लिहिलंय, तेव्हा मीही तेच वापरते. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला आणि मग कपाटातली जुनी लॅब नोटबुकं काढून बसले.

मागाहून येणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात. पुण्यात झटपट रोगनिदानावर चाललेल्या नॅनो-संशोधनाबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता : पेठेत २६ वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवतोय, दर दोन-तीन महिन्यांनी पेपरात 'विद्यापीठात शोधली पाच मिनिटांची चाचणी' असं छापून येतं, पण त्यातली एकही माझ्या टेबलावर आलेली नाही. 'नॅनो' हा अनुदान मिळवायचा शब्द आहे. ९९ टक्के अचूक म्हणजे कशाच्या ९९ टक्के? गवती चहातून सोनं काढलं, टाळ्या, पुढे काय? आणि शेवटी, "लेख चहाबरोबर वाचायला बरा आहे."

चहाचं प्रशस्तिपत्रक जपून ठेवते. बाकीच्यातलं निम्मं मान्य आहे.

आधी जे मान्य नाही ते. तुमच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये डेंग्यूची आणि प्रेग्नन्सीची कार्डं असणारच. त्यांच्यावर उमटणारी लाल रेघ बहुतेक किटमध्ये सोन्याच्या कणांची असते. साधारण ४० नॅनोमीटरचे कण, म्हणजे केसाच्या जाडीत दोनेक हजार शेजारी शेजारी बसतील. सोनं इतकं बारीक झालं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं. हे मायकेल फॅरेडेने १८५७ मध्येच लिहून ठेवलंय. तेव्हा नॅनो तुमच्या टेबलावर कधीचं येऊन बसलंय, फक्त त्याच्या गळ्यात पाटी नाही.

गवती चहाचंही सांगते. पाषाणच्या एनसीएलमधलं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ते काम २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये आलं. गवती चहातून सोनं निघत नाही हो, नाहीतर पुण्यात एक कुंडी जागेवर राहिली नसती. सोन्याचा क्षार बाहेरून घालावा लागतो, गवती चहाचा अर्क त्याचं क्षपण करून, म्हणजे क्षारातलं सोनं धातूच्या रूपात आणून, त्रिकोणी कण घडवतो. पण हे काम कण कसे घडवायचे याचं होतं. रोगनिदानाच्या लेखात ते मी ओढून आणलं, कारण ऐकायला छान वाटतं. तिथे तुमचा टोमणा बरोबर बसला.

आता पाच मिनिटांकडे. मी स्वतः पीएच.डी.त डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ हे प्रथिन रक्तात ओळखणारी कागदी पट्टी बनवत होते. पहिल्या वर्षी सोन्याचे कण बनवायला शिकले. क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात सायट्रेट ओतायचं. क्षणभर सगळं बिनरंगी होतं, मग काळपट निळं, आणि बघता बघता कोकमच्या सरबतासारखं लाल. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी शेजारच्या लॅबमधल्यांना हाक मारून दाखवलं होतं. याच लाल पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर कण एकमेकांना चिकटतात आणि रंग जांभळा होतो. आणि रक्तात तर मीठ आहेच. म्हणून कणांना अँटीबॉडीचं आवरण चढवायचं, ते नीट बसलंय का बघायला पुन्हा मीठ टाकायचं, लाल राहिलं तर पुढे जायचं. माझ्या नोटबुकात 'जांभळं' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजायचं धाडस झालं नाही.

तर पट्टी झाली. बफरमध्ये शुद्ध एनएस१ घातलं, पाच मिनिटांत ठसठशीत रेघ. फोटो काढला, संशोधनाचा पेपर लिहिला. बातमीतली पाच मिनिटं ती ही. बफर म्हणजे जवळजवळ खारं पाणीच, त्यात आपण सोडलेलं एकच प्रथिन. मग खरं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, घातलं. रेघ यायला वीस मिनिटं, तीही फिकी, आणि निरोगी माणसाच्या सीरमवरही सावलीसारखी एक रेघ.

ही अडचण किती मोठी असते ते तुम्हाला आकड्यांत सांगते, कारण आकडे तुमच्या ओळखीचे आहेत. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज लिटरला साधारण एक ग्रॅम असतं. भरपूर आहे, एक थेंब पुरतो. तरीही क्लार्क आणि लायन्स यांनी ग्लुकोज सेन्सरची कल्पना १९६२ मध्ये मांडली आणि हातात मावणारा त्या जातीचा ग्लुकोमीटर बाजारात आला १९८७ मध्ये. पंचवीस वर्षं. आता ट्रोपोनिन-टी घ्या, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन. छातीत दुखणाऱ्याच्या रक्तात शोधायचं, संशयाची रेषा लिटरला १४ नॅनोग्रॅमवर. त्याच लिटरभर रक्तद्रवात अल्ब्युमिन ४० ग्रॅम. म्हणजे एका भागामागे जवळपास तीनशे कोटी भाग नको असलेलं प्रथिन, आणि ते सेन्सरच्या पृष्ठभागावर आधी जाऊन बसतं. मंडईत चतुर्थीच्या गर्दीत एका माणसाला हुडकायचं, तेही गर्दी तुमच्याच अंगावर चढत असताना. सेन्सर किती संवेदनशील आहे यापेक्षा तो गर्दीत गोंधळत नाही ना, हा प्रश्न मोठा. बातमीत फक्त पहिल्याचं उत्तर असतं.

दुसरी गोष्ट पेपरात कधीच येत नाही, हवामान. डिसेंबरात बनवलेल्या माझ्या पट्ट्या सुरेख चालल्या. जुलैत, त्याच बाटल्यांतून, मीच बनवलेल्या निम्म्या पट्ट्यांवर पाणी तिरकं चढायला लागलं. बाहेर आठवडाभर झड. पट्टीचा पांढरा पडदा नायट्रोसेल्युलोजचा, तो दमट हवेत वेगळं वागतो. डेसिकेटरमधले (पट्ट्या कोरड्या ठेवायचं बंद भांडं) ओल शोषणारे सिलिका जेलचे निळे दाणे दोन दिवसांत गुलाबी व्हायचे, मी ते ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे करायची. कंपनीत यासाठी हवा कोरडी ठेवलेली खोली असते. आमच्याकडे एक टेबल होतं आणि खिडकीला वर्तमानपत्र. पहिली पट्टी चालली की पेपर होतो, थिसिसचा सायनॉप्सिस (सारांश) देता येतो. पाचशेवी पट्टी पहिलीसारखीच चालते हे दाखवायला त्याहून जास्त काळ जातो, पण त्यावर पदवी मिळत नाही. म्हणून मुलं ते करत नाहीत, मीही केलं नाही.

यावर मायलॅबचं उदाहरण देणार असाल, तर तेही बघू. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या या कंपनीच्या कोविड किटला परवानगी मिळाली, ते सहा आठवड्यांत तयार केल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. काम जबरदस्तच होतं. पण ती आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूच्या जनुकीय अंशाच्या मशीनमध्ये असंख्य प्रती काढून तो ओळखायची चाचणी. पीसीआरची कल्पना १९८३ची, मशीन प्रत्येक मोठ्या लॅबमध्ये, नवीन होता तो विषाणू. आणि किट तपासून घ्यायला एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था, याच शहरात. तयार रस्त्यावर वेगाने गाडी चालवणं आणि रस्ता बांधणं यांची तुलना करू नका एवढंच म्हणणं आहे.

राहिले ९९ टक्के. इथे माझ्याकडे बचाव नाही. तो आकडा मी एका प्रसिद्धीपत्रकातून जसाच्या तसा उचलला. तो बाहेरून प्रथिन मिसळलेल्या नमुन्यांचा होता, आजारी माणसांच्या रक्ताचा नव्हता. माझा स्वतःचा आकडा सांगते. शहरातल्या एका रुग्णालयाकडून तपासणीनंतर उरलेलं सीरम मिळावं म्हणून अर्ज केला. एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन नमुने हातात पडायला चौदा महिने लागले. मिळाले ३२, त्यात एलायझाने (लॅबमधली नेहमीची अँटीबॉडीवर आधारित चाचणी) एनएस१ पॉझिटिव्ह ठरलेले ७. माझ्या पट्टीने ६ ओळखले. थिसिसमध्ये ८५.७ टक्के लिहिलंय, दशांश चिन्हासकट. आणखी एक चुकला असता तर ७१.४ झाले असते. निसटलेल्या सातव्याला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेला होता, दुसऱ्या खेपेला शरीरातल्या जुन्या अँटीबॉडी एनएस१ला धरून बसतात आणि पट्टीच्या हाती ते लागत नाही. हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी त्या दिवशी दुपारी पट्टी चुलीत घालावीशी वाटली.

आता तुमच्याकडे एक मागणं. २६ वर्षांच्या रजिस्टरात कार्ड टेस्टचे लॉट नंबर लिहिलेले आहेत का? असतील, तर पावसाळ्यात फेकून द्यावी लागलेली, कंट्रोल रेघच (कार्ड चाललं हे सांगणारी रेघ) न आलेली कार्डं महिन्यावार मोजता येतील. रुग्णाचं नाव-गाव काही नको, फक्त तारीख, लॉट आणि रेघ आली की नाही. मी शनिवारी दुपारी येऊन स्वतः उतरवून घेईन. चहा मी आणते, गवती चहा घातलेला.

माझ्या लेखातलं ते ९९ टक्क्यांचं वाक्य काल रात्री बदललं. आता असं आहे : 'बफरमध्ये पाच मिनिटांत रेघ दिसली, रुग्णांच्या सीरममध्ये वीस मिनिटं लागली आणि ७ पैकी ६ नमुने ओळखता आले.' मथळ्यातले 'पाच मिनिटांत' हे शब्दही काढलेत.