४३ शुभेच्छुक आणि मी

कमर्शियल आर्टला ॲडमिशन घेतली तेव्हा आत्या म्हणाली होती, म्हणजे आता बोर्ड रंगवणार का रे? तिला मी अर्धा तास समजावत बसलो होतो, की नाही गं, यात फॉन्ट असतो, बॅलन्स असतो, स्ट्रक्चर असतं. सेकंड इयरला आल्यावर वाटायला लागलं की बोर्डच रंगवले असते तर बरं झालं असतं, कारण बोर्ड रंगवणारा संध्याकाळी ब्रश धुऊन घरी जातो आणि आमचं काही धुतलंच जात नाही. लग्नाची पत्रिका हातात आली की मुलगी कुठली हे बघायच्या आधी मला शिरोरेघ कुठे तुटलीय ते दिसतं. चहा पिताना बिस्किटाचा पुडा उभा धरून सेंटर शोधतो, तोपर्यंत बिस्किट चहात पडलेलं असतं.

तर असाइनमेंट अशी होती, एका जाहिरातीचं विश्लेषण, १५ मार्क. अख्ख्या वर्गाने फोक्सवॅगनची १९५९ ची थिंक स्मॉल घेतली, म्हणजे ती हो, पानभर कोरी जागा (आमच्या भाषेत व्हाइट स्पेस), वर कोपऱ्याकडे एवढीशी गाडी आणि चित्राच्या खाली फ्युचुरा फॉन्टमध्ये हेडलाइन. सर भडकले. म्हणाले, दरवर्षी सगळे हीच गाडी घेऊन येता, आता हलवा तिला तिथून, आपापल्या गल्लीतली जाहिरात आणा.

आमच्या गल्लीत, म्हणजे सांगलीत आमच्या घराजवळच्या चौकात, जाहिरात एकच. युवा नेते दादांच्या वाढदिवसाचा २० बाय १० चा फ्लेक्स.

वही आणि टेप घेऊन सकाळी सातला गेलो. मधोमध दादा, गॉगल लावून, फोन कानाला (वाढदिवसाच्या दिवशी स्वतःच्या फ्लेक्सवर कोणाशी बोलत असतील?), मागे वाघ, वाघाच्या मागे ढग, वरच्या गोलांमध्ये वरिष्ठ नेते ५ आणि खाली तीन रांगांत शुभेच्छुक. मोजले, ४३. फोटोतले केस कापताना एकाचा कान गेला होता. सर म्हणतात डोळा जाहिरातीत कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो ते बघा. माझा डोळा वाघाकडून शिरला आणि त्या कान नसलेल्या माणसापाशी अडकून बसला, बाहेर पडेचना.

फॉन्टचं तर विचारूच नका. सरांनी वर्गात कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची टायटल्स दाखवली होती, नुसती अक्षरं बघून नाटक गंभीर की विनोदी ते कळावं अशी. इथे अक्षरांना सोन्याचा मुलामा, त्याला लाल बॉर्डर, त्याला पांढरी बॉर्डर, त्याला सावली, आणि एवढं सगळं करून लिहिलं काय होतं तर 'वाढदविसाच्या हार्‌दकि शुभेच्छा'. वेलांटी एका घराने पुढे आणि रफार डोक्यावर चढायचा सोडून नुसता पाय मोडून उभा.

मी खांबाला टेप लावून वाकलो होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "काय मोजायलायस रं?"

चौघं होते. एकाचा चेहरा ओळखीचा वाटला, मग लक्षात आलं, दुसरी रांग डावीकडून चौथा. त्यांना वाटलं मी महापालिकेतर्फे आलोय, विनापरवाना फ्लेक्स काढायला. आता १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे हे मलाही माहीत होतं, पण तो काढायची ही वेळ नव्हे हेही माहीत होतं. मी म्हटलं, "नाही दादा, स्टुडंट आहे, बॅलन्स बघतोय." चौथा एकदम गंभीर झाला. "बॅलन्स दिलाय की. परवाच दिलाय दुकानात."

मग त्यांनीच मला फ्लेक्सच्या दुकानात नेऊन सोडलं, आणि दोन वर्षांच्या फीमध्ये जे कळलं नव्हतं ते तिथे एका कटिंग चहात कळलं. दुकानातले भाऊ कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, बसल्या बसल्या बोलत होते. डोक्याची साइज वर्गणीवर. वरच्या गोलातले पैसे देत नाहीत, पण त्यांची सीनियॉरिटी चुकली तर फ्लेक्स लागत नाही. दादांपेक्षा मोठं डोकं कोणाचंच नाही. आणि सारखी वर्गणी दिलेल्यांची डोकी स्केल लावून सारखी, कारण मागच्या वर्षी एकाची हनुवटी शेजाऱ्यापेक्षा अर्धा इंच खाली गेली तर त्याने पैसे परत मागितले होते. आता हेच ग्रिड आणि हीच हायरार्की आम्हाला पुस्तकातून शिकवतात, पण पुस्तकात कोणी पैसे परत मागत नाही ना.

मी विचारलं, भाऊ, थोडी मोकळी जागा सोडली तर? म्हणाले, तिथं अजून दोघं बसतात.

मी म्हटलं, पण गाडीवरून जाणाऱ्याला काहीच वाचता येत नाही. भाऊंनी माउस सोडला आणि माझ्याकडे बघितलं. "त्याला कशाला वाचायचंय? ज्यांचे फोटो हायत ते येत्यात, खाली उभारून सेल्फी काढत्यात, स्टेटसला लावत्यात. झालं की काम."

खरंच की. टार्गेट ऑडियन्स ४३, आणि ४३ च्या ४३ लोकांनी जाहिरात पूर्ण बघितली. त्या फोक्सवॅगनवाल्यांना तरी हे जमलं असेल का!

निघताना त्या हार्‌दकिचं राहवेना. मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर चालतं त्या मराठीत, आलेला आणि भाऊ तो जुन्या कोरलमध्ये तसाच पेस्ट करत होते, म्हणून वेलांट्या पळत होत्या. दुकानात श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर होतंच, त्यात कन्व्हर्ट करून कसं घ्यायचं ते दाखवलं. हार्दिक जागेवर आलं. भाऊ इतके खूश झाले की त्यांनी माझा नंबर सेव्ह केला, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

असाइनमेंटला ११ मार्क. शेरा : व्हाइट स्पेसबद्दल काहीच लिहिलेलं नाही. सर, असती तर लिहिलं असतं.

पुढच्या महिन्यात दादांच्या पुतण्याचा वाढदिवस आला. सकाळी आईने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली आत्याचा अंगठा. तिसरी रांग, शेवटून दुसरा, मी. भाऊंनी माझा डीपी उचलून आभारादाखल फुकटात बसवला होता, खाली नाव आणि नावापुढे 'आर्टिस्ट'.

तसाच चौकात पळालो. फॉन्ट बघितला नाही, बॅलन्स बघितला नाही, हार्दिक बरोबर आहे का तेही बघितलं नाही. आधी स्वतःला शोधलं आणि मग शेजारच्याचं डोकं बघितलं. मोठं होतं. चांगलं दोन बोटं मोठं.

दुकानात फोन लावला. म्हटलं, भाऊ, ते थ्यांक्यू वगैरे ठीक आहे, पण पुढच्या वेळी जरा...

"दोनशे पडतील," भाऊ म्हणाले.