गॅरेजच्या गोष्टी आणि २४ तासांचा हिशेब

‘भांडवलशाहीत संधी सगळ्यांना सारखीच असते’ असं ठणकावून सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मुद्दे थोडक्यात असे: दिवसाचे २४ तास सगळ्यांना सारखेच, बिल गेट्स कॉलेज सोडून आणि जेफ बेझोस गॅरेजमधून वर आले, गुणवत्ता कधी दबून राहत नाही, बाजार कोणाची जात किंवा रंग विचारत नाही, पटत नसेल तर रशियाचं काय झालं ते बघा. आणि तात्पर्य: गरीब राहिलात तर दोष तुमचाच.

असले मेसेज मी एरवी न वाचताच उडवते. पण हा माझ्या भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बरोबरच आहे गं मावशी, मीच कमी पडले.’ दिवसभर नोकरी, संध्याकाळी आजारी वडिलांचं सगळं, आणि रात्री डोळे मिटेपर्यंत परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी हे लिहिते, तेव्हा गप्प बसवत नाही.

२४ तासांचं आधी संपवते. अहो, ज्या व्यवस्थेचे तुम्ही गोडवे गाताय, तिचा पायाच मुळी तास विकत घेण्यावर आहे. मजुरी म्हणजे दुसरं काय? ज्याच्या घरी स्वयंपाक, धुणीभांडी, म्हाताऱ्यांची शुश्रूषा पगारी माणसं करतात, त्याच्या दिवसात दुसऱ्यांचे तास जमा होतात. जो ते तास विकतो, त्याच्या दिवसातून ते वजा होतात. बेरीज-वजाबाकी झाल्यावर उरलेल्या वेळाची तुलना करा आणि मग सांगा सारखं आहे का ते.

आता गॅरेजवाले. ही उदाहरणं देणाऱ्यांनी ती एकदा स्वतः वाचली असती तर बरं झालं असतं. गेट्स शिकले सिअ‍ॅटलच्या लेकसाइड या महागड्या खासगी शाळेत. १९६८ साली तिथल्या मातांच्या मंडळाने जुन्या वस्तूंची विक्री करून पैसे उभे केले, टेलिटाइप टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडता येणारं टंकयंत्रासारखं उपकरण, आणलं आणि दूरच्या संगणकावरचा वेळ भाड्याने घेतला. त्या काळी बहुतेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही संगणकावर असं बसायला मिळत नव्हतं. गेट्स तेव्हा आठवीत होते. लेकसाइड नसती तर मायक्रोसॉफ्टही नसती, हे त्यांनी स्वतःच पुढे शाळेतल्या भाषणात मान्य केलंय. आणि सोडलं ते कॉलेज कोणतं, तर हार्वर्ड. वडील नामांकित वकील. जमलं नसतं तर परत जायला जागा होती.

बेझोस यांच्या अ‍ॅमेझॉन कंपनीत १९९५ साली आईवडिलांनी जवळपास अडीच लाख डॉलर घातले. पैसे बुडण्याची शक्यता ७० टक्के आहे, हे बेझोस यांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. तरीही त्यांनी दिले. हुशारी, मेहनत दोघांचीही अफाट, त्याबद्दल वादच नाही. पण ७० टक्के बुडणारा डाव खेळू देणारं घर किती जणांच्या नशिबी असतं? बाकीच्यांचं एकदा हुकलं की पुढची दहा वर्षं कर्ज फेडण्यात जातात. अपयश परवडणं हीच खरी संधी, आणि ती जन्माबरोबर मिळते. मेसेजवाल्याला गॅरेज दिसलं, गॅरेजमागचं घर नाही दिसलं.

‘गुणवत्ता दबत नाही’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण भाचीला लागला तो हाच. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सुमारे १२ लाख संशोधकांच्या पेटंट-नोंदी करविवरणांशी जोडून पाहिल्या. वरच्या एक टक्का श्रीमंत घरांतली मुलं, खालच्या अर्ध्या उत्पन्नगटातल्या मुलांच्या तुलनेत दहापट प्रमाणात संशोधक झाली होती. यावर ‘श्रीमंतांची मुलं हुशारच असतात’ असं म्हणायला काही जण टपलेले असतील, त्यांनी पुढचं वाचावं. तिसरीच्या गणितात सारखेच अव्वल गुण मिळवलेल्या मुलांची तुलना केली, तरी गरीब घरची मुलं खूप मागे पडली. शिवाय ज्या भागात एखाद्या क्षेत्रातल्या स्त्री-संशोधक जास्त होत्या, तिथे वाढलेल्या मुलींनी त्याच क्षेत्रात पेटंट मिळवण्याचं प्रमाण अधिक निघालं. म्हणजे अक्कल होती, ती कुठे लावायची हे दाखवणारं माणूस आसपास नव्हतं.

बिनपगारी इंटर्नशिपच घ्या. जाहिरात सगळ्यांना खुली असते. सहा महिने फुकट काम, तेही महागड्या शहरात. भाडं, जेवण, प्रवासखर्च ज्याच्या घरून येणार त्यानेच अर्ज करायचा. पुढे पगारी जागा निघते तेव्हा खाली एक ओळ असते, ‘अनुभव असल्यास प्राधान्य’. झाली समान संधी.

बाजार जात-रंग विचारत नाही, हे अर्धं खरं आहे. सरंजामशाहीत माणसाचं सगळं जन्मावर ठरायचं, त्याला बाजाराने हादरा दिला. तेवढं श्रेय देते, नाइलाजाने का होईना. विकणारा तुमच्या नोटेवरचं आडनाव वाचत नाही. नोकरी देणारा मात्र अर्जावरचं वाचतो. बॉस्टन आणि शिकागोत सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवून केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा मुलाखतीची बोलावणी ५० टक्के जास्त आली. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी आडनावं बदलून खासगी कंपन्यांकडे अर्ज पाठवले, तर दलित आडनावांना अशीच कमी बोलावणी आली.

राहिला रशिया. सोव्हिएत राजवटीत पक्षातल्या बड्यांसाठी वेगळी दुकानं होती, वेगळे दवाखाने होते. तिथे समान संधी होती असं मी म्हणतच नाहीये. पण डेन्मार्क घ्या. तिथेही खासगी कंपन्या आहेत, शेअर बाजार आहे, गर्भश्रीमंत आहेत. फक्त शिक्षण, दवाखाना आणि पाळणाघराचा बराचसा खर्च करांतून भागतो. तळाच्या दहा टक्क्यांतल्या कुटुंबाला सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला किती पिढ्या लागतील, याचा अंदाज ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या, आर्थिक संघटनेने २०१८ साली मांडला होता. डेन्मार्कमध्ये दोन. भारतात सात. आणि या गॅरेजच्या गोष्टी जिथून येतात, त्या अमेरिकेत पाच.