अ‍ॅस्ट्रोडोममध्ये आधी खरं गवतच होतं

अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं घुमटाकार छताचं स्टेडियम अ‍ॅस्ट्रोडोम बांधतानाच त्यात कृत्रिम गवत घातलं होतं आणि आता ते स्टेडियम पाडलंय, असा मजकूर फिरतोय. दोन्ही चूक.

१९६५ साली ते उघडलं तेव्हा आत खरं गवत होतं. त्याला ऊन मिळावं म्हणून घुमटाला उजेड आत सोडणारी तावदानं होती. पण दिवसाच्या बेसबॉल सामन्यांत त्या लखलखाटात उंच उडालेला चेंडू दिसेना. मग तावदानं रंगवली. चेंडू दिसू लागला, गवत मेलं! उरलेल्या मोसमात तर वाळक्या गवतालाच हिरवा रंग फासून वेळ मारून नेली. कृत्रिम गवत आलं १९६६ मध्ये, तेही दोन टप्प्यांत.

पाडल्याचं म्हणाल, तर २००५ च्या कतरिना वादळात हजारो विस्थापितांना आसरा देणारं हे स्टेडियम आज बंद असलं तरी उभं आहे.