‘तक्ता कुठाय?’ : एका त्रस्त विद्यार्थ्याला उत्तर

नमस्कार त्रस्त विद्यार्थी,

(सही तुम्हीच तशी केलीत, म्हणून.)

इटालियन भविष्यकाळावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, रूपांचा तक्ता न देता मी अर्धा लेख ‘असेल’ या एका शब्दावर खर्च केला. दोन, मराठीशी साम्य ओढूनताणून आणलं आणि ते कुठे दगा देतं ते सांगितलंच नाही. तीन, ‘उद्या’बरोबर साधा वर्तमानकाळ चालतो असं मी लिहिलं, तुम्ही ते चाचणीत लिहिलंत आणि गुण गेले.

गुणांचं आधी बोलू. ‘दोमानी पार्तो’, म्हणजे ‘उद्या निघतो’, हे इटलीत सगळे म्हणतात आणि ते शुद्ध आहे. पण प्रश्नच ‘भविष्यकाळी रूप लिहा’ असा असेल तर तिथे ‘पार्तिरो’च हवं. ही ओळ लेखात असायला हवी होती. चूक माझी. तुमच्या नजरेतून सुटलेली आणखी एक सांगून टाकते: ‘पागारे’ म्हणजे पैसे देणे, त्याचं ‘पागेरो’ लिहिताना ‘जी’नंतर एक ‘एच’ घालावा लागतो, ते मी लिहिलंच नव्हतं. तो ‘एच’ गाळला तर उच्चार होतो ‘पाजेरो’. पैसे राहिले बाजूला, दारात गाडी उभी!

आता तक्ता. तो लेखात घालते, पण घोकायच्या आधी एक बघा. ‘आवेरे’ (जवळ असणे) या क्रियापदाचा वर्तमानकाळ तुम्हाला पाठ असणारच: ओ, आइ, आ, आब्बियामो, आवेते, आन्नो. भविष्यकाळाचे प्रत्यय आहेत ओ, आइ, आ, एमो, एते, आन्नो. हा योगायोग नव्हे. बोलीतल्या लॅटिनमध्ये लोक ‘कान्तारे हाबेओ’ म्हणत, म्हणजे जवळपास आपलं ‘मला गायचंय’. ते दोन शब्द झिजत झिजत एक झाले आणि ‘कान्तेरो’ उरलं. नेपल्सच्या बोलीत हे दोन शब्द अजून सुटेही ऐकू येतात. तिथे अजून ‘आज्जा फा’ म्हणतात, ‘मला करायचंय’. म्हणजे प्रत्यय तुम्हाला आधीच येतात, फक्त ते मूळ क्रियापदाच्या शेपटीला लावायचे. ‘पार्लारे’ (बोलणे) सारख्या शब्दांत मधला ‘आ’ ‘ए’ होतो: पार्लेरो. काहींचा मधला स्वर गळतो: आंद्रो, पोत्रो, वेद्रो. काहींत ‘र’ दुप्पट होतो: वेर्रो, वोर्रो, तेर्रो. दारो, फारो, स्तारो आपला ‘आ’ सोडत नाहीत. ‘सारो’ (‘मी असेन’; ‘सारा’ म्हणजे ‘असेल’) मात्र निमूट पाठ करा.

‘असेल’वर मी इतकी का रेंगाळले? दारावरची बेल वाजते. आतून कोणीतरी म्हणतं, ‘सारा इल पोस्तीनो.’ रूप भविष्यकाळाचं, पण पोस्टमन उद्या येणार असं कोणी म्हणत नाहीये. तो आत्ता दारात उभा आहे. ‘पोस्टमन असेल.’ किती वाजले? ‘सारान्नो ले त्रे’, तीन वाजले असतील. तो कुठे आहे? ‘सारा उशीतो’, बाहेर गेला असेल. ती असेल तर ‘सारा उशीता’, गेली असेल. लिंग ‘गेला-गेली’त दिसतं, ‘असेल’मध्ये नाही, इटालियनमध्येही अगदी तसंच. ‘सारा रिक्को, मा...’ म्हणजे ‘असेल श्रीमंत, पण...’. आणि कोणी थाप मारली की खांदे उडवून नुसतं ‘सारा!’, आपलं ‘असेल बाबा!’. हे सगळं इंग्रजीतून शिकायला गेलं की ‘अंदाजार्थी भविष्यकाळ’ अशा भारदस्त नावाचा वेगळा धडा होतो. तुम्ही तर हा धडा बोलायला लागल्यापासून वापरताय. याला ओढूनताणून कसं म्हणायचं?

साम्य जिथे दगा देतं ते मी लिहिलं नाही, हा तुमचा टोला मात्र बरोबर बसला. इटलीत बोलोन्याला शिकत असताना घरमालकीणबाईंनी खालून जेवायला हाक मारली. मी वरून ओरडले, ‘सोनो आर्रिवाता!’ माझ्या डोक्यात होतं ‘आलेच!’. त्या बिचाऱ्या दाराकडे बघत राहिल्या, कारण त्यांच्या लेखी मी पोचले होते. तिथे ‘आर्रिवो’ म्हणायचं, वर्तमानकाळ. तसंच ‘माझं संपलं की फोन करीन’. आपण बेधडक भूतकाळ वापरतो. इटालियन माणूस नीट बोलताना म्हणेल ‘क्वांदो आव्रो फिनितो, ती तेलेफोनेरो’, म्हणजे संपणंही भविष्यात ठेवून. आणि ‘मी येऊ का?’ला ‘वेर्रो?’ (येईन?) नाही, नुसतं वर्तमानकाळी ‘वेंगो?’.

जाता जाता, चाचणीत हमखास येणारी एक गोष्ट. ‘वोर्रेमो’ म्हणजे ‘आम्हाला हवं असेल’, आणि ‘वोर्रेम्मो’ म्हणजे ‘आम्हाला हवं होतं’, हॉटेलात अदबीनं मागताना म्हणतात ते. फरक एका ‘म’चा. माझ्या वर्गातल्या इंग्रज मुलीला तो महिनोन्‌महिने ऐकूच येत नव्हता. ‘आता’ आणि ‘आत्ता’ वेगळे ऐकणाऱ्या कानाला तो अवघड नाही. लिहिताना विसरू नका म्हणजे झालं.

तक्ता रविवारी टाकते. (हो, वर्तमानकाळच आहे. गुण कापू नका.)