नुसतं वर्गात जाऊन बसणं पुरेसं नाही

ज्येष्ठांसाठीच्या विद्यापीठीय वर्गांवरचा एक लेख वाचला. त्यांचे फायदे सांगताना लेखकाने सगळा भर 'वेळ चांगला जातो, ओळखी होतात' यावरच दिलाय. खरंय, पण तेवढ्यासाठी बागेतला बाकही पुरतो. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साठीपुढच्या काहींना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम नव्याने शिकायला लावलं, तर काही नुसते गप्पा-सहलींत रमले. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती शिकणाऱ्यांत. म्हणजे डोक्याला जरा ताण हवाच.

फ्रान्समधल्या तुलूझला १९७३ मध्ये प्राध्यापक पिएर वेलास यांनी 'तिसऱ्या वयाचं', म्हणजे निवृत्तीनंतरच्या वयाचं, विद्यापीठ सुरू केलं, ते तिथल्या नेहमीच्या विद्यापीठाच्या आधाराने. ब्रिटनने १९८०च्या दशकात ही कल्पना उचलली आणि प्राध्यापकांनाच रजा दिली! सभासदच एकमेकांना शिकवतात. ना परीक्षा, ना पदवी. निवृत्त इंजिनिअरने पुलांवर बोलायचं आणि पुढच्या तासाला स्वतः वही उघडून इटालियन क्रियापदं घोकायची. मला हेच जास्त पटतं, कारण शिकवायचं म्हटलं की आधी स्वतः वाचावं लागतं. (गृहपाठाला दांडी मारणारे तिथेही असणारच म्हणा.) फक्त वर्ग तळमजल्यावर ठेवा आणि माईक नीट चालतोय ना ते बघा, नाहीतर मागच्या रांगेतले नुसती मान डोलावत बसतात.