ती धामण होती हो!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. काठीवर लोंबणारा साप, कंबरडं मोडलेलं, खाली ओळ : 'पार्किंगमध्ये नाग निघाला होता, वेळेत संपवला.' त्यावर अंगठ्यांची रांग. एकाने तर 'हर हर महादेव' लिहिलंय. ज्याच्या गळ्यात साप, त्याचंच नाव!

फोटो मोठा करून पाहिला. डोकं शाबूत होतं. मोठा गोल डोळा (उघडाच, सापाला पापण्या नसतात) आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा. धामण.

आठवीत असताना मामाच्या गावी, साताऱ्याकडे, हे पाप मी केलंय. गोठ्यात वैरणीमागून लांबलचक काहीतरी सरसरत गेलं आणि मी 'नाग, नाग' म्हणून बोंबललो. मामाने कुदळीच्या दांड्याने दोन घावांत मारलं. आजोबा मळ्यातून आले, वाकून पाहिलं आणि मामाला म्हणाले, "तिचं व्हट बगितलं का रं?" मला काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

मग त्यांनीच दाखवलं. ओठांवरच्या रेघा, डोक्यामागे बारीक होणारी मान, शेपटीकडच्या अर्ध्या अंगावर काळसर आडवी नक्षी. रंगावर जाऊ नका, पिवळट, तपकिरी, काळपट, कसलीही असते. सहा-सात फूट सहज भरते. दिवसाउजेडी फिरते, चाहूल लागली की सुसाट पळते. कोंडीत सापडली तर मान फुगवून घुमल्यासारखा आवाज काढते, पण नागासारखा फणा नाही आणि विष तर नाहीच.

आणि आपण काय सांगत बसतो? धामण म्हणजे नागाची बायको! अहो, धामणीत नर असतात, मादी असतात, नागाचा काय संबंध? म्हणे गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, शेपटीचा फटका मारला की अंग सडतं. दोन साप पिळा घालून उभे राहिले की 'लग्न लागलं' म्हणत कापड टाकायला धावायचं. धामणींमध्ये बहुतेकदा ते दोन नर कुस्ती खेळत असतात. इंजिनियर झालेली माणसं हे फॉरवर्ड करतात, तेव्हा डोकं फिरतं माझं.

बरं, मान्य. अंधारात, घरात लहान मूल असताना ओठ बघायला कोण वाकणार? आणि वाकूही नका, घोणस, मण्यार, फुरसं, नाग आपल्याकडे आहेतच. धामणही हात घातला तर कडकडून चावते. पण लांब उभं राहून सर्पमित्राला बोलवायला काय जातं? वन विभागाचा १९२६ नंबर आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारणं गुन्हा आहे, तुम्ही त्याचा फोटो टाकताय!

पार्किंगमधल्या वायरी उंदीर कुरतडतात म्हणून मेंटेनन्समध्ये पैसे वाढवलेत ना गेल्या वर्षी? ती फुकटात त्यांच्याच मागावर आली असेल.

ग्रुपवर लिहायला घेतलं आणि पुसलं. कुदळ मामाच्या हातात होती, पण बोंब माझीच होती. इथेही पहिली हाक कुणा घाबरलेल्या पोराचीच असेल कदाचित. त्याला काय बोलायचं?

शेवटी फोटो मामाला पाठवला. आता सत्तरीचा आहे, चष्मा लावूनही टाइप करायला वेळ लागतो त्याला. दहा मिनिटांनी उत्तर आलं :

'व्हट बगितलं न्हाई का कुणी?'